पाक गुरू ट्रेडमिल निवडतात

डॉक्टरीणबाई एवढंच म्हणाल्या होत्या की चाला. रोज तासभर चाला, गोड कमी करा आणि तीन महिन्यांनी हजच्या तपासणीला या. एवढ्या साध्या सल्ल्यातून घराची वीज जाईल, मोटरसायकल कैदेत पडेल आणि एका सज्जन, निवृत्त भूगोल शिक्षकाच्या चारित्र्यावर गल्लीत चर्चा सुरू होईल, हे त्या बिचारीच्या ध्यानीमनीही नसणार. डॉक्टर मंडळी सल्ला देतात आणि पुढच्या रोग्याला हाक मारतात. निस्तरायचं असतं ते आपल्याला.

पाक हार्तोयोंना जावा बेटावरच्या सोलो शहराच्या त्या वसाहतीत कुणी नावाने ओळखत नसे. अर्ध्या वसाहतीला त्यांनी भूगोल शिकवला होता, म्हणून ते सगळ्यांचे पाक गुरू. तिकडे पुरुषाच्या नावाआधी मानाने पाक लावतात आणि बाईच्या नावाआधी बू. त्यांनी आणि त्यांच्या बायकोने, बू मुर्तिनीने, हजच्या यादीत नाव घातलं तेव्हा त्यांची लेक शाळेत जात होती. आता त्या लेकीची लेक शाळेत जाते. यंदा एकदाचा दोघांचा नंबर लागला, पण जाण्याआधी आरोग्य केंद्राची तपासणी, आणि तपासणीत मैदानाला चार फेऱ्या भरभर चालून दाखवायच्या. ज्याचा दम टिकला नाही त्याचं नाव पुढे ढकललं जाणार. पाक गुरूंचा दम मशिदीच्या पायऱ्यांवरच संपत असे. आणि दोघांपैकी एकाचंच नाव ढकललं गेलं तर दुसऱ्याने जायचं की थांबायचं, हा प्रश्न घरात अजून कुणी मोठ्याने विचारला नव्हता. तो मनात आला की दोघंही हवापाण्याबद्दल बोलायला लागत.

तर चालायचं. कुणालाही वाटेल, यात काय अवघड आहे? ज्याला असं वाटतं तो कधी सोलोच्या गल्लीत चाललेला नाही. पाक गुरू पहिल्या दिवशी सकाळी फाटकाबाहेर पडले आणि समोरच्या अंगणातून बू तुतिकची हाक आली, "पाक गुरू, कुठे निघालात?"

"हे काय, इथेच," पाक गुरू म्हणाले. या प्रश्नाला याहून खरं उत्तर द्यायचं नसतं.

"मग या की. बसा जरा."

आता या निमंत्रणाला नाही म्हणता येतं, नाही असं नाही. पण ज्याने शाळेत सदतीस वर्षं मुलांना शिष्टाचार शिकवला, त्याने स्वतः तोंड फिरवून चालतं व्हायचं म्हणजे शेणाने हात बरबटण्यासारखं. ते बसले. चहा आला. सोलोचा चहा म्हणजे गरम, दाट आणि असा गोड की चमचा उभा राहावा. सोबत तळलेलं केळं. तिथून उठले तर पुढच्या घरी निवृत्त हवालदार पाक कास्दी. पुन्हा "इथेच", पुन्हा चहा, पुन्हा काहीतरी तळलेलं. गल्ली संपेपर्यंत पाक गुरूंनी चहाच इतका रिचवला होता की पोटातून डुचमळल्याचा आवाज येत होता. घरी येऊन वजनकाट्यावर उभे राहिले तर काटा पुढे गेलेला. व्यायामाने वजन वाढवणारा वसाहतीतला पहिला माणूस म्हणून त्यांची नोंद व्हायला हरकत नव्हती.

"मी घरातच व्यायाम करणार," त्यांनी जाहीर केलं. "यंत्र आणू."

"आणा," बू मुर्तिनी म्हणाली. "पण कुणाला विचारत बसू नका."

विचारायची गरजच पडली नाही. पाक गुरू व्यायामाचं यंत्र घेणार ही बातमी संध्याकाळपर्यंत गल्लीच्या दोन्ही टोकांना पोचली आणि सल्ले चालत घरी आले. पाक कास्दींनी लोखंडी वजनं सुचवली. पलटणीत असताना ते तांदळाचं पोतं एका हाताने उचलत, असं ते म्हणाले, आणि तो हात दाखवला. बू तुतिकचं मत पडलं थरथरणाऱ्या पाटाच्या बाजूने. त्या पाटावर नुसतं उभं राहायचं, चरबी आपोआप गळून पडते. तिची बहीण त्यावर उभी राहून टीव्ही पाहते.

"मग बारीक झाली का ती?" बू मुर्तिनीने विचारलं.

"अजून नाही," बू तुतिक म्हणाली. "पण मालिका एकही चुकत नाही."

गल्लीप्रमुख पाक सुहार्यो हे जबाबदार गृहस्थ असल्याने त्यांनी सगळ्यांचं ऐकून घेतलं आणि मग व्यायामाच्या सायकलीची बाजू घेतली. सायकल बसून चालवता येते, आणि बसून होण्यासारखं काम उभ्याने करू नये हे त्यांचं आयुष्याचं तत्त्व होतं. पाक गुरू सगळ्यांना "खरं आहे, अगदी खरं आहे" म्हणाले. त्यामुळे प्रत्येकजण आपलाच सल्ला मानला गेला अशा समाधानात घरी गेला. पुढे जे यंत्र आलं ते पाहून तिघेही मनातून दुखावले.

पाक गुरूंना खरी हवी होती ती सायकलच. साधी, कोपऱ्यात मावणारी. बाजारातल्या मोठ्या दुकानात ते तेवढं ठरवून शिरले. पण दुकानाचा व्यवस्थापक लगबगीने पुढे आला, वाकला, त्यांचा हात हातात घेऊन कपाळाला लावला आणि म्हणाला, "पाक गुरू, ओळखलंत का? मी नुग्रोहो. भूगोलात नापास होणारा."

पाक गुरूंनी ओळखलं. या मुलाने परीक्षेत बोर्निओ बेट नकाशाबाहेर काढून ठेवलं होतं.

"तुमच्यामुळेच माणूस झालो," नुग्रोहो म्हणाला. "आणि माझे गुरू सायकल नेणार? लोक काय म्हणतील मला? तुम्हाला शोभेल असंच देतो." त्याने पाक गुरूंना एका यंत्रापुढे नेऊन उभं केलं. ते ट्रेडमिल होतं खरं, पण त्याचा थाट राजवाड्यातल्या पालखीसारखा होता. दोन्ही बाजूंना कठडे, समोर दिव्यांची पाटी, बाटली ठेवायला खळगा, आणि पट्टा असा रुंद की नवराबायकोने जोडीने चालावं.

"हे जरा मोठं..." पाक गुरू म्हणाले.

"तुमच्यापुढे मोठं कसं असेल?" नुग्रोहो म्हणाला.

नकाशात बोर्निओ न सापडणाऱ्या या मुलाला आपल्या गुरूंचं मर्म मात्र डोळे मिटून सापडलं होतं. पाक गुरू सायकल आणायला गेले आणि ट्रेडमिल घेऊन आले.

यंत्र टेम्पोतून उतरवायला चार दांडगे लोक लागले. ते आतल्या दारातून जाईना. आडवं करून पाहिलं, तिरकं करून पाहिलं, पाक सुहार्योंनी रस्त्यावर खुर्ची टाकून सूचनाही दिल्या. शेवटी ते पुढच्या पडवीत, भिंतीलगत मोटरसायकल उभी असायची तिच्या पुढ्यात बसवलं आणि टेम्पो निघून गेला. मग पाक गुरूंच्या लक्षात आलं की मोटरसायकल यंत्राच्या मागे राहिली आहे. ती बाहेर येईना, आणि यंत्र हलेना. गाडी दिसत होती, पुसता येत होती, पण चालवता येत नव्हती.

दुसऱ्या दिवशी पाक गुरू पट्ट्यावर चढले आणि बटण दाबलं. पट्टा सरकायला लागला. पाक गुरू चालू लागले. एकही जण हाक मारत नव्हता, चहा कुठे दिसत नव्हता. त्यांना फार बरं वाटलं. त्यांनी वेग वाढवला. नेमकं त्याच क्षणी स्वयंपाकघरात भाताचं भांडं चालू झालं, छपरावरच्या टाकीसाठी पंपाने डोळे उघडले आणि त्या घराला मंजूर असलेल्या बेताच्या विजेने राम राम ठोकला. खट्कन मेन पडला. पट्टा जागच्या जागी थांबला. पाक गुरू थांबले नाहीत.

नाकाला लागलं ते फार नव्हतं, पण नाक तोंडाच्या मधोमध असतं, त्यामुळे लपवता येत नाही. बू तुतिक लगेच हळद घेऊन आली. पाक कास्दी आले आणि म्हणाले की लोखंडी वजनांना वीज लागत नाही. पाक सुहार्यो म्हणाले की सायकल थांबली तरी माणूस बसलेलाच राहतो. पाक गुरू नाकावर बर्फ धरून सगळ्यांना "खरं आहे" म्हणत राहिले. त्या दिवसापासून घरात नियम झाला: यंत्र चालेल तेव्हा भात शिजणार नाही, आणि भात शिजेल तेव्हा यंत्र चालणार नाही. हा नियम बू मुर्तिनीने दोन दिवस पाळला. तिसऱ्या दिवशी ती म्हणाली, "पाक, एक तर वीज वाढवून घ्या, नाही तर बाहेर जेवा."

वीज वाढवायची म्हणजे अर्ज आला. अर्ज करायला गेल्यावर कळलं की घराचा मीटर अजून आधीच्या मालकाच्या नावावर आहे, आणि ते पाक सोमो केव्हाच अल्लाघरी गेले.

"त्यांची सही लागेल," खिडकीमागचा तरुण अदबीने म्हणाला.

"ते वारले."

"अरेरे. फार वाईट झालं," तो मनापासून म्हणाला. "मग वारसांची आणा. आणि तुम्ही राहता त्या घरात तुम्हीच राहता, असा वस्तीच्या कचेरीचा दाखला."

वस्तीच्या कचेरीत गेल्यावर त्यांनी गल्लीप्रमुखाचं पत्र मागितलं. पाक सुहार्यो मनाने अजून सायकलीवरच होते, म्हणून पत्र द्यायला त्यांनी चार दिवस लावले. पाक सोमोंच्या तीन मुलांपैकी एक पलीकडच्या मोहल्ल्यात, दुसरा स्टेशनामागे, तिसरा थेट बोर्निओ बेटावर, कालिमंतानला. काम झालं का म्हणून विचारलं की खिडकीतला तरुण गोड हसून म्हणे, "अजून नाही." जावामध्ये नुसतं नाही असं कुणाच्या तोंडून निघत नाही. त्यामुळे माणसाची आशाही मरत नाही आणि कामही होत नाही.

मोटरसायकल कैदेत असल्यामुळे या साऱ्या फेऱ्या पायी होत होत्या. कचेरीत जायचं म्हणून पाक गुरू लांब बाह्यांचा बाटिकचा सदरा, इस्त्रीची काळी पँट आणि पॉलिश केलेले बूट घालून निघत. आणि इथेच त्यांना तो शोध लागला. पहिल्या दिवशी बू तुतिकने अंगणातून हाक मारायला तोंड उघडलं, लांब बाह्यांचा बाटिक पाहिला आणि तोंड मिटलं. "कामाला निघालात वाटतं. या, या, उशीर नको." पाक कास्दींनी नुसता हात वर केला. असा सदरा घातलेला माणूस एक तर सरकारी कामाला निघालेला असतो, नाही तर लग्नाला, नाही तर मयताला. त्याला रस्त्यात अडवून चहा पाजणं म्हणजे त्याचं काम खोळंबवणं, आणि असलं पाप सोलोमध्ये कुणी करत नाही.

पाक गुरू गल्लीच्या टोकापर्यंत न थांबता पोचले तेव्हा त्यांना स्वतःवर विश्वास बसेना. तिथून कालव्याकाठाने कचेरी, कचेरीतून पाक सोमोंच्या धाकट्याचं घर, तिथून परत. पहिले दिवस धाप लागली. मग जरा कमी लागली. मग कमरेचा पट्टा एक भोक आत गेला, आणि ते पट्टा आत घेण्याच्या निमित्ताने दिवसातून अनेकदा आरशासमोर जायला लागले.

महिन्याभराने कालिमंतानची सही आली, वीज वाढली, भात आणि ट्रेडमिल एका छपराखाली नांदू लागले. पण तोवर भिशीच्या बायका यंत्र पाहून गेल्या होत्या. पहायला म्हणून आलेली प्रत्येक बाई त्यावर एकदा चढली, आणि चढलेली बाई उतरायला तयार नसे. सकाळी फाटक उघडलं की बू तुतिक डोक्याला घट्ट रुमाल बांधून कठडे धरून चालत असे आणि तिच्यामागे आणखी दोघी रांगेत. आपल्याच घरी आपला नंबर कधी, असं पाक गुरू बायकांना विचारू शकत नव्हते. त्यांनी मुकाट्याने लांब बाह्यांचा बाटिक चढवला, बूट पुसले आणि कामाला निघाले. काम आता काही उरलं नव्हतं, हे फक्त त्यांनाच ठाऊक होतं.

बू तुतिकला मात्र ते ठाऊक नसल्यामुळेच बोलावं लागलं. एकदा यंत्रावरून उतरता उतरता ती बू मुर्तिनीला म्हणाली, "मी काही बोलत नाही हं. पण वीज वाढून इतके दिवस झाले. आणि पाक गुरू रोज नटूनथटून निघतात. बारीकही झालेत."

"मग?" बू मुर्तिनी म्हणाली.

"मग काही नाही. माझ्या मेहुणीच्या नवऱ्यानेही असाच बाटिक घालायला सुरुवात केली होती. आता सुराबायाला त्याचं दुसरं घर आहे."

पाक गुरूंनी हे आतल्या खोलीतून ऐकलं, बूट हातात धरून. दुसऱ्या कुठल्याही माणसाने बाहेर येऊन खरं सांगितलं असतं. पण खरं सांगायचं म्हणजे काय सांगायचं? की मी तुमचा चहा चुकवायला सदरा घालतो? हे बू तुतिकच्या तोंडावर म्हणण्यापेक्षा दुसरं घर परवडलं. बू मुर्तिनीने विचारलं तर तिला सांगू, असं त्यांनी ठरवलं. पण ती विचारीना. जेवायला वाढताना ती त्यांच्याकडे एकदा वरपासून खालपर्यंत बघे आणि भात वाढून आत जाई. चाळीस वर्षांच्या संसारात बायको भांडली की कसं वागायचं ते त्यांना कळत होतं. ती गप्प बसली की काय करायचं हे त्यांनी कधी शिकून घेतलं नव्हतं. शिवाय तीही आता बाजारात फार वेळ लावायला लागली होती, आणि त्याबद्दल विचारायला यांना कुठलं तोंड?

अशा अबोल्यातच तपासणीचा दिवस उजाडला.

मैदानावर हजला जाणारी बरीच मंडळी जमली होती. डॉक्टरीणबाईंनी आधीच सांगून ठेवलं होतं की खेळाचे कपडे आणि रबरी बूट. लेकीने पाठवलेली निळी विजार घालून पाक गुरू उभे राहिले तेव्हा त्यांना उघडं पडल्यासारखं वाटत होतं. शिटी वाजली. सगळे निघाले.

पहिली फेरी बरी गेली. बू मुर्तिनी जरा पुढेच होती, आणि याचं पाक गुरूंना नवल वाटलं. जिने, डॉक्टरीणबाईंनी चाला म्हटल्यावर, "मला घरातली कामं पुरेत" असं सांगितलं होतं, ती एका लयीत हात हलवत चालली होती. दुसऱ्या फेरीला अंतर वाढलं. मैदानाच्या कुंपणाला लागून चहाच्या टपऱ्या होत्या, आणि तिथे पाक सुहार्यो, पाक कास्दी आणि बू तुतिक बाकड्यावर बसले होते. आपले शेजारी हजच्या तपासणीला उभे आहेत आणि आपण घरी बसायचं, हे शोभलं नसतं.

"पाक गुरू," पाक सुहार्योंनी हाक दिली. निळ्या विजारीला ते थोडेच भिणार? "दमलात. जरा बसा इथे, एक घोट घ्या आणि मग पुढे जा. कोण बघतंय?"

बू तुतिकने पेला पुढेही केला होता. वाफ येत होती. पाक गुरूंचे पाय आपोआप मंदावले. आयुष्यात कुणी पुढे केलेला पेला त्यांनी नाकारला नव्हता. तोंडात "खरं आहे" आलंच होतं. त्यांनी समोर पाहिलं. बायकोच्या डोक्यावरचा पांढरा रुमाल वळणापलीकडे निघाला होता, आणि ती मागे वळून बघत नव्हती. ती अशीच चालत जाईल, विमानापर्यंत जाईल, आणि आपण इथे हातात पेला धरून उभे राहू, हे त्यांना एकदम दिसलं.

"नको," पाक गुरू म्हणाले. "नाही. चहा नको."

पेला हवेत तसाच राहिला. पाक गुरूंनी मान खाली घातली आणि त्या पांढऱ्या रुमालाच्या मागे पाय टाकले. तिसऱ्या फेरीला छातीत भाता चालू झाला, चौथ्या फेरीला घाम डोळ्यांत उतरला, पण रुमाल त्यांनी नजरेआड होऊ दिला नाही. शेवटच्या खुणेला बू मुर्तिनी पोचली आणि थोड्या वेळाने पाक गुरू तिच्या शेजारी येऊन कोसळल्यासारखे बसले. डॉक्टरीणबाईंनी घड्याळ बघितलं, नाडी बघितली आणि दोघांना म्हणाल्या, "जा आता. तिकडे आमच्यासाठी दुआ करा."

श्वास जागेवर आल्यावर पाक गुरू म्हणाले, "तू चालायला कधी शिकलीस?"

"तुमच्या मागे मागे."

"म्हणजे?"

"म्हणजे काय? तुम्ही बाटिक घालून निघायचात, मी बाजाराची पिशवी घेऊन मागून. कालव्याकाठाने, कचेरीवरून, परत. एक दिवस नाही चुकवला."

पाक गुरूंचा चेहरा पडला. "तुला माझा संशय आला?"

"पहिल्या आठवड्यात आला," बू मुर्तिनी म्हणाली. "मग दिसलं की तुम्ही कुठे जातच नाही, नुसते चालता. कचेरीला वळसा घालून परत. तोवर माझेही गुडघे मोकळे झाले होते."

"मग घरी का बोलत नव्हतीस?"

"हसू आलं असतं. इतकं नटून गटारावरची बदकं हुसकावत जाणारा नवरा रोज मागून बघायचा, आणि मग त्याच्याशी बोलायचं कसं?"

"हाक मारायची होतीस. बरोबर चाललो असतो."

"हाक मारली असती तर तुम्ही थांबला असता. तुम्हाला कुणी हाक मारली की तुम्ही थांबता, पाक."

हे खरं होतं, आणि खरं आहे म्हणायचा त्यांना आज कंटाळा आला होता. त्यांनी टाचेतून बूट सैल केला. मग जो प्रश्न विचारायचा नव्हता तोच विचारला.

"आज मात्र तू एकदाही वळून बघितलं नाहीस. मी मागे राहतोय का, एवढंही नाही."

बू मुर्तिनी आपल्या रुमालाचं टोक सारखं करत होती. ते आधीच सारखं होतं. "बघितलं असतं आणि तुम्ही मागे पडलेले दिसला असता," ती म्हणाली, "तर मी थांबले असते. मग दोघंही इथेच राहिलो असतो."